ईमेलमधला एक शब्द

कॅनडात टोरोंटोजवळ वॉनच्या एका वेअरहाउसमध्ये मी शिफ्ट सुपरवायझर होतो, तेव्हाची गोष्ट. जानेवारीत लोडिंग डॉकचा हीटर बंद पडला. ट्रक लागला की शटर वर जायचं आणि उणे अठरातला वारा थेट पॅकिंगच्या टेबलांपर्यंत यायचा. ग्लोव्ह्ज घातले तर टेप धड लागत नाही, काढले तर बोटं चालत नाहीत.

पॅकिंगवाल्यांत सगळ्यांत जुने एक तुर्की गृहस्थ होते, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. आज लिहिताना मी त्यांना 'ते' म्हणतोय. तेव्हा माझ्या मनात ते 'तो'च होते. मला मात्र ते ब्रदर म्हणायचे. त्यांची बायको अजून तुर्कस्तानातच होती. तिला आणायचे कागद इमिग्रेशनकडे गेलेले होते आणि ते मंजूर होईपर्यंत नोकरी टिकणं भाग होतं. हे त्यांनी मला दहादा तरी सांगितलं असेल.

हीटरचंही सगळ्यांच्या वतीने त्यांनीच मला सांगितलं. मी म्हणालो, वर सांगतो. ही आपली खास सवय, 'सांगतो' म्हणायचं आणि सांगायचं नाही. वाईट बातमी आणणारा माणूस साहेबाला आवडत नाही, हे मी नागपुरातल्या पहिल्याच नोकरीत शिकलो होतो आणि ते ज्ञान जपून इथवर आणलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी परत विचारलं. सांगितलंय, असं मी सरळ खोटं बोललो.

चौथ्या दिवशी सकाळी अकरा जण लंचरूममध्ये जाऊन बसले. हीटर सुरू झाला की येतो, असं त्या गृहस्थांनी मला आवाज न चढवता सांगितलं. बाहेर ट्रक खोळंबला होता. मॅनेजरचा फोन आला, काय झालंय ते लगेच लिहून पाठव.

हीटर बंद आहे असं लिहिलं असतं, तर कधीपासून, हा पुढचा प्रश्न आला असता. मी हीटरचं नावच काढलं नाही. कामगारांनी न सांगता काम थांबवलं, असं लिहिलं. तेवढ्यावर भागलं असतं. पण मराठी शाळेत शिकलेला मी, इंग्रजीतला वजनदार शब्द हाताशी आला की मला तो सोडवत नाही. मी 'म्युटिनी', म्हणजे बंड, असं लिहिलं आणि पुढे, ती कोणी चालवली, ते नाव. वाचून पाहिलं तर ईमेल चांगला झालाय असं वाटलं, हे सांगताना आजही कान गरम होतात.

मॅनेजर खाली आला, त्याला हीटर बंद दिसला, आणि दुपारी तो दुरुस्त झाला. तीन दिवसांनी त्या गृहस्थांना कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. बाकीचे दहा जण राहिले.

घरी मी बायकोला ईमेल दाखवला. खरं तर तिने मला बरं म्हणावं, अशी अपेक्षा होती. तिने दोनदा वाचला. "अरे, ती माणसं थंडीने बसली होती ना? मग हीटर का नाही मेन्शन केलास?" मी म्हणालो, इंग्रजीत हा शब्द गमतीनेही वापरतात. ती उठून आत गेली. शाळेत सत्तावनच्या धड्यात 'शिपायांचं बंड' लिहिलं की आमच्या बाई लाल पेनाने खोडायच्या, हा शिपायांवर राज्य करणाऱ्यांचा शब्द आहे म्हणायच्या. त्या बाई मला त्या संध्याकाळी फार आठवल्या.

पुढच्या शनिवारी त्या गृहस्थांनी मला एका कॉफीच्या दुकानात बोलावलं. कॉफी त्यांनीच आणली. कंपनीचं पत्र टेबलावर ठेवून त्यांनी त्यातल्या 'म्युटिनी' या शब्दावर बोट ठेवलं. फोनमध्ये पाहिलं तर तुर्कीत 'इस्यान' आलं, म्हणाले. इस्यान म्हणजे फौज सरकारवर उलटते ते. माणूस दुःखात देवाला बोल लावायला लागला, तरी त्यांच्याकडची म्हातारी माणसं म्हणतात, इस्यान करू नकोस. त्यांचा भाऊ गेला तेव्हा त्यांच्या आईलाही लोक असंच म्हणाले होते, आणि ती गप्प झाली होती.

"ब्रदर, मी इस्यान नाही केलं," ते म्हणाले. "मला थंडी वाजत होती. तू वर सांगितलं होतंस, तरी कोणी आलं नाही, म्हणून बसलो."

बायकोच्या कागदांत हा शब्द गेला तर काय होईल, याने त्यांची झोप उडाली होती. हेड ऑफिसला उत्तर पाठवायचं होतं. तुझं इंग्रजी चांगलं आहे, तूच लिही, म्हणाले. मी लॅपटॉप उघडला. ते एकेक वाक्य सांगत गेले आणि मी ते नीट करत गेलो. किती वर्षं काम केलं, किती कमी सुट्ट्या घेतल्या, तक्रार सुपरवायझरकडे केली होती आणि सुपरवायझरने ती वर पोचवली होती. हे वाक्य त्यांनी माझ्या भल्यासाठी घातलं. मी ते टाइप केलं.

शेवटी थोडा विचार करून ते म्हणाले, अजून एक लिही. माझ्याबद्दल हा शब्द कोणी लिहिला, ते मला माहीत नाही. पण ज्याने लिहिला, तो मला ओळखत नसणार.

तेही मी टाइप केलं, आणि त्यातली एक चूक दुरुस्त केली.