मांडणीसाठी घेतलेला मॉनिटर

मामीचा पहिला फोन आला तेव्हा मी मॉनिटर पाच इंची घ्यावा की सात इंची, यातच अडकलो होतो.

नायगावच्या बीडीडी चाळीतली त्यांची इमारत पाडायची ठरली होती. मामा-मामींना खोली रिकामी करून चावी द्यायची होती आणि नवी इमारत उभी राहीपर्यंत भाड्याच्या घरात राहायचं होतं. तालुक्याच्या शाळेतून मी कॉलेजसाठी मुंबईला आलो तो याच खोलीत, आणि पदवी हातात पडेपर्यंत इथेच राहिलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. भिंतीवरच्या भांड्यांच्या मांडणीखाली पाठ टेकून मी अभ्यास करायचो. फोडणी देताना डबा हवा असला तरी मामी मला उठवायची नाही, माझ्या डोक्यावरून हात लांबवून काढायची. म्हणून खोली जायच्या आधी तिचं नीट शूटिंग करायचं आणि त्यात मांडणी भरलेलीच हवी, असं मी ठरवलं होतं.

कॅमेरा माझा जुनाच. त्याच्या पाठीवरचा पडदा एवढासा आणि मला चष्मा. मावसबहिणीच्या हळदीला मी दिवसभर शूटिंग केलं आणि घरी मोठ्या पडद्यावर पाहिलं, तर नवरीपेक्षा तिच्यामागची झालर स्पष्ट. कुणी काही बोललं नाही. त्याचंच जास्त वाईट वाटलं. या वेळी तसं नको होतं. कॅमेऱ्यावर वेगळा मॉनिटर लावला तर फोकस कुठे आहे ते तिथल्या तिथे कळतं, म्हणून तो घ्यायचा होता. परवडणारा हवा, पण स्वस्त म्हणून फसायला नको.

मग रोज ऑफिसातून आलो की मॉनिटरचे व्हिडिओ. हा हलका, पण उन्हात दिसत नाही. तो उन्हात दिसतो, पण तापतो. एकाची केबल जरा धक्का लागला की निघते. परीक्षेला बसल्यासारखा मी त्यांचा अभ्यास करत होतो.

"रविवारी येतोस ना रे?" मामीने फोनवर विचारलं. "मांडणी काढायला घेतेय."

"मामी, पुढच्या रविवारी नक्की येतो. तोवर मांडणी राहू दे ना."

"बरं."

पुढचाही रविवार तसाच गेला. तेव्हाही ती एवढंच म्हणाली, "बरं."

शेवटी फोर्टातल्या एका कॅमेऱ्याच्या दुकानात गेलो. "उन्हात सगळ्यात चांगला कोणता दिसतो?" मी विचारलं.

"शूट कुठे आहे?" काउंटरवरच्या माणसाने विचारलं.

"चाळीत. खोलीतच."

"खोलीत ऊन येतं?"

त्या खोलीत भर दुपारीही ट्यूब लावावी लागते.

"मग साहेब, उन्हाचं टेन्शन कशाला घेता? हा पाच इंची घ्या. बजेटमध्ये बसेल, बॅटरी तुमच्या कॅमेऱ्याचीच चालेल, आणि फोकसमध्ये जे असेल त्याच्या कडा लाल दाखवतो."

पहिल्याच रविवारी घ्यायला हरकत नव्हती असा तो मॉनिटर मी पिशवीत घालून नायगावला गेलो.

"आले, डायरेक्टर साहेब आले," मामा दारातूनच म्हणाला. तो निवृत्त बस कंडक्टर, अजून सगळ्यांना पुढे सरकवत असतो. "आत चला, आत चला. हिरोईन कधीची तयार आहे."

मामीने इस्त्रीची साडी नेसली होती. कॉट, कपाट, माळ्यावरच्या ट्रंका सगळं गेलं होतं. उरलेलं न्यायला दुसऱ्या दिवशी टेम्पो येणार होता. पण मांडणी मात्र जशीच्या तशी होती. वरच्या फळीवर डबे, मधे ताटं उभी, खाली टोप एकात एक, आणि हुकांना पळ्या. मला फार बरं वाटलं.

कॅमेरा स्टँडवर लावला, वर मॉनिटर बसवला. ताटांच्या कडा लाल झाल्या. हळूहळू फोकस खाली आणत गेलो. एका टोपाच्या काठाला भलतंच काहीतरी लाल झालं. मी चित्र मोठं केलं. सुतळीचा तुकडा होता, गाठीसकट. शेजारच्या डब्याच्या झाकणाखालून वर्तमानपत्राचं टोक बाहेर आलेलं.

मी मान वर केली. दाराआड रिकाम्या गोणी घडी करून ठेवल्या होत्या.

"मामी, हे सगळं बांधलं होतंस?"

"डोळे फार तिखट झाले रे तुझे," ती म्हणाली आणि सुतळी काढायला पुढे झाली. "थांब, आता काढते. मग घे."

"सगळं बांधून झालेलं," मामा म्हणाला. "तू येतोयस कळलं, तर काल दिवसभर परत काढलं, घासलं, लावलं. गुडघे धरून स्टुलावर चढत होती. मी म्हटलं, भाच्याला फोन कर, असाच ये म्हणावं. तर म्हणते, शिकलेला पोरगा आहे, थांबलाय तर काही विचार करूनच थांबला असेल."

ऊन नसलेल्या खोलीत उन्हात दिसणारा मॉनिटर मी शोधत बसलो होतो.

"तू बस," मी म्हणालो. "मी काढतो, तू खाली बसून गुंडाळ."

"अरे, पण शूटिंग?"

मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. "चालू आहे."

कॅमेरा तसाच चालू ठेवून मी स्टुलावर चढलो. एकेक डबा खाली देत गेलो. ती कागदात गुंडाळून गोणीत भरत होती. कुठला डबा कुठल्या गोणीत हे तिचं आधीच ठरलेलं होतं, कारण एकदा तिने ते केलेलं होतं. मामा सुतळी तोडून देत होता. अर्धी मांडणी रिकामी झाल्यावर तो उठून मॉनिटरमध्ये डोकावला.

"अगं, याची नुसती पाठ दिसतेय. मांडणी याच्यामागे झाकून गेली."

मी बाजूला व्हायला लागलो.

"असू दे," मामी खालून म्हणाली. "तो तिथेच तर बसायचा."

मी तिथेच थांबलो. वरचा मोठा डबा दोन्ही हातांनी उतरवला आणि तिला उठावं लागू नये म्हणून स्टुलावरून खाली उतरून तिच्या हातात दिला.