साखरेच्या डब्यापर्यंत

माझ्या एका जुन्या कथेत नायकाच्या खांद्याला गोळी लागते आणि तिसऱ्या दिवशी तो त्याच हाताने नायिकेला उचलून घेतो. ती छापूनही आली होती. आता न्हाणीघरात घसरून माझाच खांदा मोडलाय, म्हणून रोज फिजिओथेरपीला जातो. तिथे भिंतीवर खाचा पाडलेली लाकडी पट्टी आहे. खाचांवरून बोटं चढवत हात वर न्यायचा आणि पोहोचलो तिथे पेन्सिलने खूण करायची.

माझ्याआधी शेवंताबाईंचा नंबर असतो. त्या जिन्यात पडल्या होत्या. आज त्यांची बोटं कालच्या खुणेपाशी थांबली आणि एक खाच वर गेली.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन महिने. पुढे घेऊन वेणी घालता येते आता. अंबाड्याला अजून चार खाचा हव्यात," त्या म्हणाल्या आणि ठसठशीत खूण केली.

माझ्या नायकालाही आता दोन महिने द्यावेत म्हणतो. मग एका सकाळी त्याने फळीवरचा साखरेचा डबा आपल्या हाताने काढावा, आणि नायिकेने ते बघून चहा टाकावा.