कापशाला दिलेली धुरी

त्या सकाळी आम्ही दोघांनी मेथीची जुडी निवडली. पानं माझ्या ताटलीत, देठं त्याला. कापशा माझ्या मांडीला टेकून बसला होता आणि मी देठ पुढं करायच्या आधीच ओढून घेत होता. नाकातून सूं सूं आवाज येत होता, पण खात होता. "हळू खाय, कोणी हिसकून घेत न्हाई," मी म्हणालो. त्यानं ऐकलं नाही. दिवस मावळायच्या आत तो गेला.

महिना उलटला. लोक म्हणतात, सशासाठी एवढं काय? मला त्या लोकांचा राग येतो. कापशाला माझ्या बायकोनं, सुमननं, बाजारातून पदरात घालून आणलं होतं. "काहून आणलं गं हे? याचं दूध निघतं का अंडं?" मी विचारलं होतं. "तुमचं काय निघतं? तुमाला ठेवलंच ना घरात," ती म्हणाली. सुमनला जाऊन दोन वर्षं होतील. तिच्या मागं घरात आम्ही दोघंच. मी बोलायचो, तो कान हलवायचा. मला तेवढं पुरत होतं.

आमच्या भिंतीला लागून माझा पुतण्या माधव हळद पॉलिश करतो. वाळलेली हळद मोठ्या लोखंडी ड्रमात घालून मोटारीवर फिरवायची, म्हणजे साल आणि माती झडते. ती धूळ सगळी माझ्या अंगणात. औंदाच्या सीझनला पांढराशुभ्र कापशा पिवळा झाला. गल्लीतल्या बाया हसायच्या, "काका, नवरदेवाला हळद लागली, लगन कवाचं हाय?" आधी मी पण हसलो. मग तो शिंकायला लागला. नाक पुसून पुसून त्याच्या पुढच्या पायांचे केस चिकट झाले, बरगड्या भात्यासारख्या हलायला लागल्या... तेव्हा हसू गेलं.

जनावरांच्या दवाखान्यात नेलं. तिथला माणूस खुर्चीवरून उठला नाही. "बाबा, म्हैस असती तर बघितली असती. ससा हाय, दुसरा घ्या." दुसरा घ्या! बायको मेली तेव्हा बरं कोणी हे म्हणालं नाही. त्याला जे बोललो ते इथं लिहिता येत नाही.

मग वसमतला एक तरुण डॉक्टरीणबाई भेटली. तिनं नळी लावून ऐकलं, लेकरांना लावतात तसा मास्क धरून त्याला यंत्राची वाफ दिली. म्हणाली, "आजोबा, ससा नाकानंच श्वास घेतो. त्याचं नाक जपा. धूळ नको, चूल नको, बिडी नको. औषध चालू ठेवा, दहा दिवस धीर धरा. तोंड उघडून श्वास घ्यायला लागला तर मात्र तसंच उचलून आणा."

पन्नास वर्षांची बिडी मी त्या दिवशी सोडली. चूल बंद केली. आणि माधवच्या दारात जाऊन उभा राहिलो. हळद घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांसमोर त्याचा बाप काढला, माझा सख्खा भाऊ असून काढला. "मुक्या जिवाचा जीव घेऊन राहिला तू!" पोरगं उलट बोललं नाही. "बंद करतो काका," एवढंच म्हणालं. ऐन सीझनात आठ दिवस ड्रम बंद. गिऱ्हाइकं आपली हळद घेऊन कुरुंद्याला गेली. कापशा सुधारला. मी मात्र रोज माधवच्या नावानं ओरडतच होतो, म्हणजे त्यानं परत चालू करू नये.

आठव्या दिवशी, मेथी खाऊन झाल्यावर, दुपारी त्याचं नाक परत बंद झालं. वसमतला न्यायचं होतं. साधी गोष्ट होती. पण मला वाटलं, इंग्रजी औषधाला वेळ लागतो, आपण घरचा इलाज करू. सुमन गावातल्या बाळंतिणींच्या लेकरांना न्हाऊ घालायची. न्हाणं झालं की शेगडीत निखारे, त्यावर ओवा, लसणाची सालं, आणि ती शेगडी खाटेखाली. चोंदलेल्या नाकाची लेकरं गाढ झोपायची. जन्मभर बघितलं होतं. डॉक्टरीणबाईनं चूल बंद करायला सांगितली ती मी केली, पण धुरी मी औषधातच धरत होतो. कोंबड्या झाकायचं डालगं कापशावर पालथं घातलं, जवळ शेगडी सरकवली, वरून गोधडी टाकली. ओव्यासंगं हळकुंड पण टाकलं. आठ दिवस जिला शिव्या दिल्या, तीच हळद! डालग्यात तो खरडत होता. मला वाटलं, गुण येऊन राहिला. सुमनच्या हाताखालची लेकरंही आधी रडायचीच...

गोधडी काढली तर तोंड उघडं, मान वर ताणलेली, ओठ निळे. वाऱ्याला धरला. दोनदा पाय झाडले त्यानं, बस.

संध्याकाळी गल्ली जमली. माधव फावडं घेऊन आला आणि लिंबाखाली खड्डा करायला लागला. कोणीतरी त्याच्या तोंडावरच म्हणालं, "तुझ्या ड्रमानं घेतला बघ जीव." माधवची मान खाली. "चुकलं काका," तो म्हणाला. दाराआड शेगडी अजून गरम होती. आठ दिवस गल्लीभर ऐकू जाईल असं माझं तोंड, आणि त्या वेळी मी नुसतं "हूं" म्हणालो. त्या दवाखान्यातल्या माणसाचा राग येतो, पण त्या "हूं"चा जास्त येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता माधवकडं गेलो. चार गिऱ्हाइकं बसली होती, ड्रम बंदच. त्यानं खुर्ची पुसली. "बसा काका."

"बसत न्हाई. ऐक. तुझ्या धुळीनं न्हाई मेला तो. म्या मारला. डालग्यात कोंडून धुरी दिली."

माधव हळूच म्हणाला, "काहून सांगून राहिले हे सगळ्यांपुढं?"

"काल सगळ्यांपुढंच गप बसलो म्हणून. चालू कर ड्रम."

तो जागचा हलला नाही. मग मीच जाऊन मोटारीचा खटका दाबला.