लोडातले गोरे सोजीर

माझं शिक्षण चौथीपर्यंत, तेही रडतखडत. लिहिण्यात चुका निघतील, त्या काढत बसू नका. बायको मागच्या दिवाळीआधी गेली. आमचं लग्न कसं जमलं ते पोरांनी नेहमी तिच्याच तोंडून ऐकलं. तिच्यासारखं मला सांगता येत नाही, पण आता सांगणारा मीच उरलो.

मी वर्ध्याच्या एका टॉकीजमध्ये पोस्टर चिकटवायचो. मैद्याच्या खळीची बादली, ब्रश अन् शिडी घेऊन गावभर हिंडायचं. इंग्रज जाऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. लढाईच्या काळात कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या सोजिरांसाठी विलायती सिनेमे लागत. त्यांच्या पोस्टरांचा गठ्ठा आमच्या मालकानं रद्दीत उचलून आणला होता. कागद जाड, मागची बाजू कोरी. पेंटर त्या बाजूवर आमच्या खेळाचं नाव रंगवायचा अन् मी ते भिंतीला लावायचो. म्हणजे चित्र कायमचं भिंतीकडे. माझा जीव हळहळायचा. तसला लाल रंग आपल्या पोस्टरात मी पाहिलेला नव्हता. इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं, म्हणून मीच त्यांना नावं पाडली होती: विमानवाला, बोटवाला, रडकी नर्स. एखादं फारच आवडलं की मालकाला विचारून घरी न्यायचो. होता होता घराच्या चारी भिंती भरल्या. माय म्हणायची, घरात देव एक अन् गोरे पन्नास.

मग आष्टीकडचं स्थळ आलं. मुलगी मी पाहून आलो होतो अन् मला तीच पाहिजे होती. आता तिचे वडील आमचं घर पाहायला येणार होते. स्थळ माझ्या मामानं आणलेलं. आदल्या दिवशी तो आला, भिंती पाहिल्या अन् डोक्याला हात लावून खाली बसला. म्हणाला, तो माणूस बेचाळीस साली जेल भोगून आला आहे अन् तू त्याला गोरे सोजीर दाखवणार का?

सगळे उतरवले. पण ठेवायचे कुठे? आमची खोली एक अन् पुढे ओसरी. त्यात पाहुण्यांना टेकायला लोड नव्हते. मायनं शेजारून नुसत्या खोळी मागून आणल्या होत्या, आत काय भरायचं याची तिला चिंता पडली होती. मी पोस्टरांच्या सुरळ्या करून खोळीत कोंबल्या अन् तोंडं शिवून टाकली. दोन्ही कामं एकदम झाली. मला माझीच अक्कल फार आवडली.

मुलीचे वडील आले, हातपाय धुतले, लोडाला टेकले. करकर आवाज झाला. ते जरा सरकले, पुन्हा करकर. दर वेळी मामा मोठ्यानं खोकायचा. चहा येईपर्यंत त्याचा घसा बसला. त्या माणसाचा जन्म कापसाच्या शेतात गेलेला. त्यांनी लोड दाबून पाहिला.

"वर्ध्यात राहून लोडात कापूस नाई? काय भरलं याच्यात?"

मामा म्हणाला, नवीन आहे, बसून बसून नरम होईल. पाहुण्यांनी सुपारीचा अडकित्ता काढला, टाके कापले अन् आत हात घातला. विमानवाला बाहेर आला. मागोमाग रडकी नर्स.

"हे काय हाये?"

मामा छताकडे पाहत होता. मी म्हटलं, "विलायती सिनेमाचे कागद हायेत, काकाजी. मले आवडतात. भिंतीवर होते. तुमी जेलात गेलते म्हणून लपवले."

"मंग माह्या पाठीखाली काऊन लपवले?"

"दुसरी जागा नव्हती."

पाहुण्यांनी कागद होते तसे गुंडाळून आत सारले, पुन्हा टेकून बसले अन् उरलेला चहा प्यायले. निघताना म्हणाले, घरी विचारून कळवतो. याचा अर्थ आमच्याकडे 'नाही' असाच होतो. मामानं त्यांना आष्टीच्या मोटारीत बसवलं अन् परत येऊन मला मनसोक्त शिव्या घातल्या.

त्या आठवड्यात मी दोन पोस्टर उलटे चिकटवले. माय रागानं म्हणाली, तुझे गोरे चुलीत घालते. मी म्हटलं, घाल. तेव्हा ती घाबरली अन् तिनं ते घातले नाहीत.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मामा आष्टीहून आला. दारातूनच म्हणाला, "हो म्हणते लेका तुले." मी होतो तिथंच खाली बसलो.

त्यांनी हो काऊन म्हटलं ते मला लग्नानंतर कळलं. वडिलांनी हो म्हटलंच नव्हतं. एका खोलीत राहणाऱ्या चिकटव्याला मुलगी द्यायची नाही, असं त्यांनी घरी जाऊन सांगितलं होतं. पण जेलातून आल्यापासून तो माणूस घरात हसत नसे. त्या दिवशी पागोटं काढायच्या आधीच त्यांनी लोडाची करकर अन् मामाचा खोकला साऱ्यांना करून दाखवला अन् डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मुलगी आतून ऐकत होती.

"मीच हट्ट धरला," ती मला म्हणाली. "ज्याच्या घरून बाबा हसत आले, त्याच्या घरी जाची मले काय भीती?"

नर्स तिनं आपल्या हातानं भिंतीला लावली. सासरे आले की नर्सकडे पाठ करून बसायचे, पण काढा म्हणाले नाहीत.

ती गेल्यावर पहिले दोन महिने मला वाटायचं, गरिबाच्या घरी येऊन बिचारीनं जन्म काढला. आता तसं वाटत नाही. बापाचं 'नाही' तिनं मोडलं अन् स्वतः आली. हे आठवलं की दोन घास पोटात जातात.