मोहफुलांची मोजणी

केशोरीजवळची पहाडी एका दिवसात वीस वेळा सायकलनं चढेन, अशी पैज मी भाऊजींशी मारली. तेव्हा गावात सायकल एकच होती, तीही भाऊजींचीच. मोजणी मामांकडे होती. माथ्यावर बसून त्यांनी दर चढाईला भाजलेलं एक मोहफूल पळसाच्या पानावर ठेवायचं.

उतरताना धोतर फडफडत तोंडावर यायचं. पंधराव्या चढाईनंतर पाय माझे राहिले नाहीत आणि उगाचच हसू फुटू लागलं. विसाव्यांदा वर पोचलो, तर पानावर चारच फुलं होती आणि मामांचा जबडा हलत होता.

“मामाजी, फुलं काऊन खाल्ले?”

“तू लय उशीर लावून राहिला. मले भूक लागली.”

“चारच झाल्या,” मामांशेजारी बसलेले भाऊजी गंभीरपणे म्हणाले.

मी हसत हसत एक फूल तोंडात टाकलं आणि सायकल उताराला लावली. आता तीनच झाल्या होत्या.