लाल ओळी

कॉम्प्युटर अडला की आमचे सर दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. हात मोकळे असले की माणूस उगाच काहीतरी दाबतो, असं त्यांचं म्हणणं. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर वर जायच्या आणि सर हात कोंडून त्या वाचत राहायचे. मी जरा घाईची. माझा हात की-बोर्डकडे गेला की न बघताच म्हणायचे, "ताई, आधी वाचा. मग दाबा."

बीडजवळच्या आमच्या हवामान सल्ला केंद्रात माणसं मोजकी. गावोगावच्या पावसाचे आकडे सर लिनक्सवरच्या एका सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचे, त्यातून कुठं किती ओल झाली ते निघायचं, आणि मी ते सोप्या भाषेत लिहून गावांच्या ग्रुपवर टाकायची. पेरा, थांबा, आज फवारू नका, असं.

तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेल, ज्याच्याकडं लोक प्रिंटरपासून घरच्या मिक्सरपर्यंत सगळं घेऊन येतात. सर मिक्सरलाही तोच न्याय लावायचे. "थांबा, तो काय म्हणतोय ते तर ऐकू द्या." एकदा मी विचारलं, "सर, तुम्हाला हे लिनक्स कावून एवढं आवडतं?" सर धारूरचे, रंगात आले की गावची बोली यायची. म्हणाले, "बायकोसारखं हाय. काय बिघडलं ते तोंडावर सांगतं." मी डोळे वटारले. "बरं, आईसारखं," म्हणाले.

आता नांदूरघाटचं सांगते. तिथलं पाऊस मोजायचं यंत्र एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या रानात होतं. त्यांना सगळे आबा म्हणतात. यंत्र आपोआप आकडे पाठवायचं, पण रेंज गेली की आबा फोन करून यंत्राशेजारच्या, हातानं मोजायच्या साध्या मापातला पाऊस सांगायचे आणि सर तो हातानं भरायचे. रेंज आली की यंत्र तुंबलेले आकडे धाडायचं. म्हणजे एकच पाऊस दोनदा यायचा. सॉफ्टवेअर त्यातला एक गुपचूप काढून टाकायचं, आणि आम्ही निवांत असायचो.

पावसाळ्याच्या तोंडावर सरांनी सगळं अपडेट केलं आणि सॉफ्टवेअर रुसलं. बरीच खटपट करून त्यांनी ते चालू केलं, पण दर वेळी लाल इशाऱ्यांची रांग लागायची. बहुतेक इशारे किरकोळ होते. तेवढ्यात वरचे साहेब पाहणीला येणार असा निरोप आला. पाहुणे येणार म्हटल्यावर आपण पसारा कॉटखाली ढकलतो ना, तेच सरांनी केलं. लिनक्समध्ये नको ते टाकायला एक बिनबुडाचा खड्डा असतो, तिथं गेलेलं पुन्हा दिसत नाही. सगळे इशारे सरांनी तिकडं वळवले. साहेब पडदा बघून म्हणाले, "वा, एकदम स्वच्छ." सर लाजून हसले. इशारे पुन्हा सुरू करायचे राहून गेले.

मग पाऊस झाला आणि नांदूरघाटची रेंज गेली. आबांनी फोनवर आकडा सांगितला, पुढं रेंज आल्यावर यंत्रानंही सांगितला. नवं सॉफ्टवेअर आता दुसरी नोंद काढत नव्हतं. नुसतं बजावत होतं, ही नोंद आधीच आहे. ते बजावणं खड्ड्यात जात होतं. आमच्या हिशेबी पाऊस दुप्पट झाला. मी लिहिलं, 'नांदूरघाट परिसरात सोयाबीन पेरायला हरकत नाही.' सरांनी वाचलं आणि म्हणाले, "टाका."

त्यानंतर नुसतं ऊन. आबांचा फोन आला, "सर, बी उगवंना. ओल वरच्यावरच हुती." सरांनी इशारे परत चालू केले. लाल ओळी आल्या आणि त्यांत जागोजाग नांदूरघाटचं नाव. सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मोठ्या माणसाची लाज समोर बसून बघावी लागणं फार वाईट.

"दुरुस्तीचा मेसेज टाकू का?" मी विचारलं.

"मेसेज काय टाकता, ताई. तोंड दाखवायला जावं लागंल."

गावात पारावर माणसं जमली. सर उभे राहिले. "यंत्राची चूक न्हाई. यंत्र सांगत होतं. साहेब येणार म्हणून मीच त्याचं तोंड बांधलं. मॅडमनी फक्त माझं ऐकून लिहिलं." मी खाली बघत होते. आपण सुटलो याचं मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच जास्त लाज वाटली. लोक एवढंच सांगत राहिले की राखून ठेवलेलं घरचं बी सगळं मातीत गेलं. मागं एक पोरगा दुसऱ्याला म्हणाला, "साहेबासाठी व्हय रं?" आबांनी त्याला गप्प केलं. "चूक माणसाकडूनच हुती. च्या घ्या, सर." सरांनी कप हातात धरला, पण तो तसाच निवला. चार शिव्या खायला मिळाल्या असत्या, तर त्यांच्या घशाखाली चहा उतरला असता असं मला वाटतं.

पुढं त्यांनी बदली मागून घेतली. जाताना कुणाला भेटले नाहीत. फोन करावा तर उचलायचे, पण नांदूरघाटचं नाव निघालं की काम आठवायचं.

दिवाळीच्या आधी आबा पिशवीत सोयाबीन घेऊन केंद्रात आले. सर नाहीत म्हटल्यावर तिथंच बसले. "फोन तरी लावा की." मी लावला आणि आवाज मोठा केला.

"सर, दुसरी पेरणी लई झकास आली बगा. आता गावात या. आमी कुनी रागावलेलो न्हाई."

मग सरांनी विचारलं, "आबा, दुसऱ्या पेरणीला बी कुठून आणलं?"

आबांनी माझ्याकडं बघितलं. "घरचंच हुतं की," म्हणाले. घरचं बी मातीत गेल्याचं पारावर आम्ही तिघांनीही ऐकलं होतं.

सर 'बरं' म्हणाले आणि फोन बंद झाला. तो परत लावा, असं आबा म्हणाले नाहीत.