काळ्या पडद्यातली भोकं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी डोंबिवलीत घरीच ब्लाउज शिवते आणि मुलगी ठाण्याच्या एका संशोधन संस्थेत पीएचडी करते. एकदा तिने विचारलं, "आई, माझ्या मशीनला परकर शिवशील का?" मला हसूच आलं.

चहा पिता पिता तिने समजावलं, ते मला कळलं तसं लिहिते. तिच्या रेणूंकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो. लेझरचा पहिला झोत रेणूला खडबडून जागं करतो, मागोमाग दुसरा झोत तो इलेक्ट्रॉन उडवून देतो. तो जिथे आदळतो तिथे ठिपका चमकतो आणि कॅमेरा तो टिपतो. पुष्कळ ठिपके जमले की कडी दिसते. दोन झोतांमधला वेळ वाढवत गेलं की रेणू कितीशा वेळात शांत होतो ते कळतं. "पापणी लवायला लागतो तो वेळसुद्धा त्यापुढे युगांसारखा," ती म्हणाली. कॅमेऱ्यात बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून भोवती रबरी अस्तराचं काळं कापड हवं होतं. ते मी शिवून दिलं.

तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. "लेझर बंद केले तरी फोटोत ठिपक्यांची रांग दिसतेय गं. मशीन उद्या संध्याकाळपर्यंतच माझ्याकडे आहे. चित्रं नाही मिळाली तर प्रबंधाचं शेवटचं प्रकरण अडकलं."

रांग म्हटल्यावर मला माझी टीप आठवली. एक बाजू आखूड झाली म्हणून मी टीप उसवून पुन्हा मारली होती. सुती कापडात सुईची भोकं मिटतात, रबरात तशीच राहतात. फोनवर मला सांगवेना. सकाळी काळी पट्टी आणि गोंद घेऊन मीच तिच्या संस्थेत गेले.

लेझर बंद करून मुलीने आणि तिच्या सरांनी मला पडद्याच्या आत उभं केलं. बाहेर ट्यूबलाइट चालू होती. उसवलेल्या टिपेचं एकेक भोक लखलखत होतं.

"हे माझंच काम," मी म्हटलं.

सर म्हणाले, "काकू, वरून पट्टी शिवून टाका ना."

परक्या माणसापुढे माझा आवाज फुटत नाही. तरी बोलले, "नको सर. शिवली तर आणखी भोकं पडतील. चिकटवायला हवी."

"सर, तिचं ऐका," मुलगी म्हणाली. "घरी आम्ही तेच करतो."

गोंद वाळला. संगणकाचा पडदा काळाभोर राहिला. लेझर सुरू झाले, तसा एक ठिपका आला, मग दहा, मग मोजवेनात. आत एक कडी उमटली आणि तिच्याबाहेर दुसरी, फिकी.

"बाहेरची आहे ना, ती जाग्या झालेल्यांची," मुलगी कुजबुजली. तिचा हात माझ्या दंडावर घट्ट होता. ती वेळ वाढवत गेली, तशी बाहेरची कडी विरत गेली. दुपार उलटली तेव्हा ती दिसेनाशी झाली होती. माझं जेवायचं राहूनच गेलं.

"मिळालं," मुलगी म्हणाली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा एकदा दाखव की."

सर हसले. "पुन्हा घ्यावंच लागतं, काकू. एकदा दिसलं म्हणजे खरं, असं नसतं." त्यांनी माझ्यासाठी खुर्ची ओढली, आणि मुलीने पहिल्यापासून सुरू केलं.